बारावीनंतर पर्यावरण विज्ञान: पदवीलाच घ्यावे की आधी मूळ विषय पक्का करावा?

मीठागर (प्रश्न)

सर्व सदस्यांना नमस्कार. मी मुंबईच्या पूर्व उपनगरात राहते आणि यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले आहे. आमच्या घरापासून एक कचराभूमी फारशी दूर नाही. वाऱ्याची दिशा बदलली की रात्री खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि इमारतीत सगळेच त्याला ‘मिथेनचा वास’ म्हणतात. अकरावीत मिथेनचा धडा वाचताना माझ्या लक्षात आले की मिथेनला वासच नसतो. मग आमच्या घरात शिरतो तो वास कशाचा, असे मी रसायनशास्त्राच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी तास संपल्यावर थांबून हवा न मिळता ओला कचरा कुजला की काय घडते, हायड्रोजन सल्फाइड कसा तयार होतो आणि इतक्या सूक्ष्म प्रमाणातही तो नाकाला का कळतो, हे फळ्यावर मांडून दाखवले. पर्यावरण विज्ञान शिकावे असे मला त्या दिवसापासून वाटते आहे.

घरी मात्र एकमत नाही. बाबांचे म्हणणे असे की हा विषय सर्वांना सक्तीचा असतो, वर्षअखेरीस एक प्रकल्पवही दिली की संपतो, आणि ज्याच्या परीक्षेला कोणी अभ्यासच करत नाही त्या विषयावर नोकरी कोण देणार? आईची काळजी वेगळी आहे: या कामात सतत बाहेर फिरावे लागते, असे तिने ऐकले आहे. मला स्वतःला हे ठरवता येत नाही की बी.एस्सी.लाच पर्यावरण विज्ञान हा मुख्य विषय घ्यावा, की रसायनशास्त्र अथवा वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी.ला इकडे वळावे. या क्षेत्रात जे प्रत्यक्ष काम करतात त्यांच्याकडून समजून घ्यायला आवडेल.

सोनचाफा

तुझ्या वयाची मुलगी माझ्या घरी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. मी रसायनशास्त्रात पदवी घेऊन पर्यावरण विज्ञानात एम.एस्सी. केले, २००८ साली नवी मुंबईतील एका प्रयोगशाळेत रुजू झाले आणि आता पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल हे आधीच तपासण्याचे, अहवाल तयार करण्याच्या कामात आहे.

तुझ्या बाबांचा प्रश्न योग्य आहे, त्यामुळे आधी त्याचे उत्तर देते. आपल्या क्षेत्रातील बहुतेक नोकऱ्या कायद्यांमुळे निर्माण झाल्या आहेत. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा, १९८१ चा वायुप्रदूषणाचा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, हे तीन आमच्या कामाचे पाये आहेत. कारखाना उभारायचा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, तो चालवायचा असेल तर वेगळी संमती लागते, मुदत संपली की तिचे नूतनीकरण करावे लागते. आमच्या रोजच्या बोलण्यात या सगळ्याला ‘कन्सेंट’ एवढाच शब्द आहे. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाच्या इमारत प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. लोकलच्या खिडकीतून मुलुंडपासून दादरपर्यंत किती उंच इमारती उभ्या राहत आहेत ते तू पाहतेसच. त्यांतील प्रत्येक मोठ्या प्रकल्पामागे हवा, पाणी, माती आणि आवाज मोजणारे, सांडपाण्याचा हिशेब मांडणारे आणि तो अहवाल मंजुरी देणाऱ्या समितीपुढे समजावून सांगणारे कोणीतरी असते.

सुरुवातीला हे काम कसे असते, तेही सांगते. माझे पहिले वर्ष गच्च्यांवर गेले. हवेतील धूलिकण मोजण्याचे यंत्र गच्चीवर ठेवायचे, चोवीस तासांच्या नमुन्यासाठी दर आठ तासांनी त्यातील गाळणकागद बदलायचा, तो आधी आणि नंतर आर्द्रताशोषक पात्रात ठेवून अतिसूक्ष्म तराजूवर तोलायचा. दोन वजनांतील फरक आणि यंत्रातून गेलेली हवा यांवरून आकडा निघतो. मध्यरात्रीचा कागद बदलायला जाणाऱ्याच्या हातून तो जरा चुरगळला, तरी त्या दिवसाचे काम वाया जाते. पाण्याच्या प्रयोगशाळेत बीओडी, म्हणजे जीवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची चाचणी, आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. गुरुवारी लावलेल्या बाटल्या रविवारी काढाव्या लागत असल्याने गुरुवारी दुपारी आलेले नमुने कोणी घ्यायचे, यावर आमच्याकडे दर आठवड्याला चर्चा होत असे. माझा पहिला पगार महिना साडेसात हजार रुपये होता. आज आकडे बदलले असले तरी या क्षेत्रात सुरुवात लहान पगारानेच होते आणि पहिली तीन-चार वर्षे धीराची असतात, हे घरी आधीच सांगून ठेव.

आणखी एक गोष्ट मला फार मनापासून लिहायची आहे. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एका कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना आला. सीओडीची, म्हणजे पाण्यातील घाणीचे रसायनाने विघटन करायला लागणाऱ्या प्राणवायूची, सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम असते आणि त्या नमुन्यात ४१० निघाले. अहवालात तो आकडा ‘नीट करून’ द्यावा, असे मला सांगण्यात आले. मी चाचणी पुन्हा केली, पुन्हा जवळपास तोच आकडा आला आणि मी तोच लिहिला. माझ्या वरिष्ठ बाई पाठीशी उभ्या राहिल्या. तो ग्राहक मात्र गेला. अशी वेळ या कामात प्रत्येकावर कधी ना कधी येते. ज्या पाण्याचा आकडा आपण लिहितो ते पुढे खाडीत जाते आणि त्या खाडीत कोळी बांधव जाळे टाकतात, हे डोळ्यांपुढे असेल तर निर्णय घ्यायला फार वेळ लागत नाही. पण तो निर्णय ठामपणे घेता यावा यासाठी स्वतःच्या रसायनशास्त्रावर विश्वास असावा लागतो, आणि तो माझ्याकडे पदवीच्या तीन वर्षांमुळे होता. पदवीला रसायनशास्त्र घे, असे मी तुला सुचवेन ते याच कारणासाठी.

अभ्यासिका

मी मुंबईतील एका महाविद्यालयात शिकवतो. वर ‘सोनचाफा’ यांनी जे लिहिले आहे त्याच्याशी सहमत आहे. मी केवळ शिक्षणाची बाजू मांडतो.

आपल्या वडिलांनी ज्या सक्तीच्या विषयाचा उल्लेख केला आहे, त्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयात आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर द्यावे असे सांगितले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासक्रम ठरवून दिला. तो नागरिकांना जाण यावी यासाठी आहे. त्यावरून पर्यावरण विज्ञान या ज्ञानशाखेचे मोजमाप करणे म्हणजे नागरिकशास्त्राच्या पुस्तकावरून वकिली जोखण्यासारखे होईल.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. पदवीचा विषय निवडताना पुढील भरतीच्या जाहिरातींत पात्रता कशी लिहिली जाते, हे फार थोडे विद्यार्थी आधी पाहतात आणि नंतर त्यांना त्रास होतो. भारतीय वन सेवेचे उदाहरण घ्या. या परीक्षेसाठी पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, किंवा कृषी, वानिकी अथवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत पर्यावरण विज्ञान नाही. ज्या मुलीला जंगलाची ओढ आहे म्हणून ती पर्यावरण विज्ञानाची पदवी घेते, तिच्यासाठी वन सेवेचेच दार बंद राहू शकते, ही गोष्ट मला दरवर्षी कोणाला तरी सांगावी लागते आणि सांगताना वाईट वाटते. सोबत यादीतील एखादा विषय पदवीला घेतलेला असेल तर ही अडचण येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडता येतो. रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र मुख्य आणि पर्यावरण विज्ञान दुय्यम, अशी जोडी आपल्या महाविद्यालयात मिळते का, याची चौकशी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी करावी.

विषयाचे स्वरूपही लक्षात घ्यावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी नुकताच शिकवू लागलो होतो. मिठी नदीला पूर का आला याचे उत्तर शोधायचे तर भरतीच्या वेळा, नदीच्या पात्राची रुंदी, काठावरील भराव, खारफुटीची स्थिती आणि पर्जन्यमापकांच्या नोंदी हे सगळे एकत्र वाचावे लागते. म्हणजे जलशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची गाठ एकाच प्रश्नाशी पडते. पर्यावरण विज्ञानाचे सौंदर्य या एकत्र येण्यात आहे, आणि अडचणही तिथेच आहे, कारण पदवीच्या तीन-चार वर्षांत सगळ्याला स्पर्श होतो आणि कशातच हात बसत नाही, असे अनेकांचे होते. ज्यांनी एखादा विषय खोलवर केलेला असतो, ते एम.एस्सी.ला आल्यावर बाकीचे विषय त्याच्या आधाराने लवकर आत्मसात करतात.

पुढील वाटा मुंबईत आणि महाराष्ट्रात पुरेशा आहेत. पवईच्या आयआयटीत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी असलेल्या गेट परीक्षेतही २०२१ पासून या नावाचा वेगळा विषय आहे. ज्यांना धोरण, समाज आणि हवामानबदल यांचा अभ्यास करायचा आहे, त्यांच्यासाठी देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, १९५८ पासून काम करते आहे आणि मुंबईतही तिचे केंद्र आहे. अध्यापनात यायचे असेल तर नेट आणि सेट या दोन्ही परीक्षांना पर्यावरण विज्ञान हा विषय घेता येतो. अध्यापनातील कायम जागा मात्र मोजक्याच निघतात, हे विसरून त्या वाटेला जाऊ नये.

मीठागर

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार. वन सेवेच्या यादीविषयी मला काहीच माहिती नव्हती. बाबांनी दोन्ही उत्तरे वाचली आणि त्यांचा पुढचा प्रश्न असा आहे की मुंबईत आता कारखाने राहिले कुठे? गिरण्या गेल्या, कंपन्या गुजरातेत गेल्या. मग प्रयोगशाळांना आणि सल्लागारांना काम किती दिवस पुरेल? आणि आईच्या वतीने पुन्हा विचारते, बाहेरच्या कामात मुलींना अडचण येते का?

रबाळे

आपल्या वडिलांना नमस्कार सांगावा. गिरण्या गेल्या हे खरे. परंतु ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, अंबरनाथ, पलीकडे तारापूर या औद्योगिक वसाहती चालू आहेत, आणि माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने तर शहरातच आहेत. मी याच पट्ट्यात एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर अठरा वर्षे काम करतो आहे. शिवाय आता मोठ्या गृहसंकुलांत, रुग्णालयांत आणि मॉलमध्येही सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे असतात. केंद्र बांधले जाते, पण ते समजून चालवणारा माणूस मिळत नाही, हा माझा अनुभव आहे. माझ्या मते या शहरात सर्वाधिक उणीव याच माणसांची आहे आणि चर्चा मात्र सर्वांत कमी त्यांचीच होते.

प्रक्रिया केंद्र म्हणजे जीवाणू पाळण्याचे काम आहे. वायुवीजन टाकीत हवा सोडून जे जीवाणू आपण जोपासतो ते सांडपाण्यातील सेंद्रिय घाण खातात, मग पुढच्या टाकीत त्यांचा गाळ खाली बसतो आणि वरचे निवळ पाणी पुढे जाते. मी रोज सकाळी एक लिटरच्या उभ्या मोजपात्रात टाकीतील पाणी घेतो आणि तीस मिनिटे स्थिर ठेवतो. गाळ किती मिलिलिटरपर्यंत बसला, त्याचा रंग तपकिरी आहे की काळपट, वरचे पाणी गढूळ आहे का, एवढ्यावरून आदल्या रात्री उत्पादन विभागाने काय सोडले असावे याचा अंदाज येतो. एकदा रात्रपाळीत आम्ल असलेले पाणी न कळवता सोडले गेले आणि तीन महिन्यांत जोपासलेले जीवाणू दोन दिवसांत मेले. त्यानंतर शेणाची रबडी आणून, थोडेथोडे सांडपाणी देत टाकी पुन्हा जिवंत करायला आम्हाला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे मी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते.

‘अभ्यासिका’ यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. माझ्या हाताखाली रसायनशास्त्राची मुले आली तशी पर्यावरण विज्ञानाची पदवी घेतलेलीही आली, आणि दुसऱ्या गटातील दोघी तर फारच चांगल्या निघाल्या, कारण त्यांना पाणी कारखान्यात येते कुठून आणि बाहेर पडून जाते कुठे, हा सगळा प्रवास आधीपासून दिसत होता. किती पाणी आत आले, किती वाफ झाली, किती मालात गेले आणि किती बाहेर पडले, हा जमाखर्च ज्याला मांडता येतो त्याची पदवी कोणती, हे मी विचारत नाही. आपल्या वडिलांना हिशेबाची आवड असेल तर त्यांना हे नक्की पटेल. मात्र जाहिरातीतील पात्रतेविषयी ‘अभ्यासिका’ यांनी जे सांगितले ते कारखान्यांनाही लागू आहे. पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा ही खाती बहुतेक ठिकाणी एकत्र असतात आणि सुरक्षा अधिकारी व्हायचे तर अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राची पदवी आणि वर औद्योगिक सुरक्षेची पदविका मागितली जाते.

मुलींविषयी विचारलेत. आमच्याकडे प्रयोगशाळेत मुली अधिक आहेत, केंद्रावर कमी. नोकरी स्वीकारताना पाळ्या कशा आहेत, रात्री घरी सोडण्याची व्यवस्था आहे का आणि केंद्राजवळ स्वच्छतागृह आहे का, हे तिन्ही प्रश्न मुलाखतीतच स्पष्ट विचारावेत. हे विचारले म्हणून जो नोकरी नाकारेल, त्याच्याकडे न गेलेलेच बरे.

वांद्रे-कुर्ला

मी एका मोठ्या कंपनीच्या शाश्वतता विभागात आहे, म्हणून गेल्या काही वर्षांत उघडलेल्या वाटेविषयी थोडक्यात लिहितो. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून आपल्या पर्यावरणविषयक आणि सामाजिक कामगिरीचा ठरावीक नमुन्यातील अहवाल देणे बंधनकारक झाले. यांतील कितीतरी कंपन्यांची मुख्य कार्यालये मुंबईत आहेत, त्यामुळे हे काम इथे भरपूर आहे आणि पगारही तुलनेने बरे आहेत. वीजबिलातील एककांना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेल्या गुणकाने गुणून कार्बन उत्सर्जन काढणे, डिझेलचा हिशेब ठेवणे, पुरवठादारांकडून माहिती मिळवणे असे हे काम असते.

माझी एकच विनंती आहे: थेट या कामात येऊ नका. आधी दोन-तीन वर्षे प्रयोगशाळेत किंवा ‘रबाळे’ यांच्यासारख्यांच्या हाताखाली काढा. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना तक्ते उत्तम भरता येतात, पण एखाद्या कारखान्याने पाण्याचा वापर एका वर्षात निम्म्यावर आणल्याचे कळवले, तर हे शक्य आहे का, अशी शंका त्यांच्या मनात येत नाही. ती शंका यायला टाकी पाहिलेली असावी लागते.

सोनचाफा

आईंसाठी दोन ओळी लिहिते. आरंभीच्या काळात मी एकटीने फिरले नाही; नमुने घ्यायला नेहमी दोघे जातात, आणि तसे नसेल तर तसा आग्रह धरावा. पुढे अहवालांचे काम वाढले की फिरणे आपोआप कमी होते. मला तर ते कमी झाल्याचे वाईट वाटले. ठाणे खाडीच्या काठी पहाटे ओहोटीला नमुने घेताना चिखलात रोहित पक्ष्यांचा थवा उतरलेला दिसायचा, ती खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. तुला पक्षी-वनस्पतींची ओढ असेल तर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम पदवी करता करता पूर्ण करता येतात. आघात मूल्यांकनात परिसंस्था आणि जैवविविधतेचा तज्ज्ञ वेगळा लागतो, आणि नावानिशी झाडे ओळखणारी माणसे आम्हाला शोधावी लागतात.

तुझ्या वासाच्या प्रश्नाविषयी एक पुरवणी जोडते. कचराभूमीतून बाहेर पडणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. तुम्हाला त्रास देणारी गंधकयुक्त आणि इतर संयुगे त्यात अगदी थोडी असतात. म्हणजे ज्या रात्री वास येत नाही त्या रात्रीही मिथेन बाहेर पडतच असतो. तो मोजायचा कसा, हा एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

मीठागर

शेवटचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. आज घरी बसून आम्ही असे ठरवले की रसायनशास्त्र मुख्य आणि पर्यावरण विज्ञान दुय्यम अशी जोडी जिथे मिळेल तिथे आधी अर्ज करायचा. न मिळाल्यास रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र घ्यायचे. ‘रबाळे’ काकांचा जमाखर्च बाबांना फार आवडला. त्यांनी जेवतानाच आमच्या इमारतीच्या टाकीत रोज किती पाणी येते याचा हिशेब मांडायला घेतला आणि तो जुळेना.

काका, ती तीस मिनिटांची चाचणी प्रत्यक्ष पाहता येईल का?

रबाळे

कारखान्यात बाहेरच्या व्यक्तीला प्रवेश मिळवणे अवघड आहे, पण मी राहतो त्या संकुलात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे आणि तिथल्या चालकाला मीच शिकवले आहे. मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता बाबांना घेऊन यावे. पायांत बंद बूट असावेत आणि मोजपात्र मी आणेन. टाकीच्या हिशेबाचा कागदही सोबत आणावा, कुठे जुळत नाही ते पाहू.